सुरगाण्याची कॉफीची बाग मी कशी प्यायले

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मी एक अख्खी बाग प्यायले आहे. तीही दूध-साखर न घालता.

त्याचं असं झालं. दक्षिणेकडच्या डोंगरात छोट्या शेतकऱ्यांची एक सहकारी संस्था आहे. मी त्यांचीच कॉफी घेते. मध्ये दलाल नाही, भाव थेट शेतकऱ्याच्या हातात. हे भाषण मी भेटेल त्याला देते. माझे बाबा पूर्वी सुरगाण्याला शिक्षक होते. तिथल्या सोनाबाईंच्या गटाला भात-नागलीच्या जोडीला कॉफी करून बघायची होती, तेव्हा संस्थेशी ओळख मीच करून दिली.

एक दिवस नाशिकला आमच्या पत्त्यावर संस्थेकडून सोनाबाईंच्या नावाची पिशवी आली. उघडली, तर आत सालासकट दाणे.

"काय हा गबाळेपणा! साफ न करताच पाठवलेत," मी म्हटलं. "सोनाबाई मावशी उद्या येतायत, त्यांना चव तरी दाखवायला हवी."

"अगं, त्यांचं आहे ते. त्या आल्यावर बघू."

"बाबा, तुम्ही जन्मभर चहा प्यायलात. कॉफीतलं मला कळतं."

बाबांनी पेपर उघडला. मी दुपारभर खलबत्त्यात दाणे कुटले, सालं पाखडली, हाताला फोड आले. मग सगळे दाणे कढईत खमंग भाजले. पाहुण्यांना कमी पडायला नको ना?

दुसऱ्या दिवशी सोनाबाई गटातल्या दोघींना घेऊन आल्या. मी कप दिले, भाषणही दिलं. पहिल्याच घोटाला तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"कशी आहे, मावशी?"

"लय कडू हाय," सोनाबाई म्हणाल्या. "पण आम्हाला कुठं प्यायचीय? आम्ही लावणार. बी कुठं ठेवलंस, पोरी? रोपांसाठी धाडतो म्हणले व्हते."

तुम्ही कधी कुणाचं बियाणं भाजून त्यालाच वाढलंय? वर त्याच्या हक्कावर भाषण ठोकून?

"मावशी, तुम्ही तेच पिताय."

या बाया वेळ पडली तर उपाशी राहतील, पण बियाण्याला हात लावणार नाहीत. सोनाबाईंनी कप हळूच खाली ठेवला.

"म्हंजे यंदा रोपं नाय."

चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रडूच फुटलं.

तेवढ्यात बाबा उठले आणि आतून एक डबा घेऊन आले. आत सालासकट दाणे होते.

"दोन मुठी बाजूला काढल्या होत्या. दुसऱ्याचं सगळंच्या सगळं संपवू नये म्हणून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू ओरडली असतीस," बाबा माझी नजर चुकवून सोनाबाईंकडे बघत म्हणाले.

"तुम्हीपण भिता व्हय, गुरुजी?" म्हणत सोनाबाई हसल्या. दाणे पदरात घेऊन त्यांनी बोटांनी हलकेच पसरले. "एक वाफा होईल. पुरं हाय."

मग माझे डोळे त्याच पदराच्या दुसऱ्या टोकानं पुसले.

"रोपं आली का लावायला ये, पोरी. पण घरून पोटभर जेवून ये."