भोंगा मावशी आणि मागची रांग

भोंगा मावशी आपल्या दारात उभ्या राहून बोलल्या की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला भाजी निवडणाऱ्या बायकांना त्यांच्या घरी आज काय शिजतंय ते कळायचं. कुणी म्हटलं, "मावशी, जरा हळू," तर त्या तेवढ्याच आवाजात सांगायच्या, "अगं, हळूच बोलतेय की!" आणि त्यांच्या परीने ते खरंच होतं. एकतीस वर्षं त्यांनी कापडगिरणीत माग चालवले होते. एका खात्यात दोनशे माग, प्रत्येकाचा सूत वाहणारा धोटा इकडून तिकडे धडाधड आपटणारा. निवृत्तीच्या दिवशी गिरणीने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ घरी आलं, कान मात्र तिथेच राहिले.

सून भली होती. तिने कानाचं यंत्र आणून दिलं. मावशींनी ते दोन दिवस लावलं आणि डबीत घालून ठेवलं. "त्यातून माणसांपेक्षा पंखाच जास्त बोलतो," म्हणाल्या.

घरात सून कामाला हात लावू देत नसे. मावशी सकाळी देवापुढे बसत, हात जोडत आणि एवढंच मागत, "बाबा रे, हात अजून धड आहेत. यांना काहीतरी काम दे." देवाने काम कुठून पाठवलं, तर कपाटाच्या खालच्या खणातून. सुनेने जुन्या चादरी बाहेर काढल्या होत्या. वस्तीच्या कडेला सोडलेल्या आणि जखमी कुत्र्या-मांजरांचा आसरा होता. तिथल्या फाटकावर पाटी होती, जुन्या चादरी, टॉवेल, रद्दी आणून द्या म्हणून. सासू-सुना गाठोडं घेऊन निघाल्या.

फाटक उघडलं आणि सुनेने दोन्ही कानांवर हात घेतले. चाळीस कुत्री एकाच वेळी भुंकत होती, वर पत्रा, खाली फरशी, आवाज नुसता घुमत होता.

"आई, ठेवा ते आणि चला!" सून ओरडली.

आसऱ्याची डॉक्टरीणबाई, तिशीतली, केसांत पेन खोचलेली, हसून म्हणाली, "सगळ्यांचं असंच होतं. मदतीला येणारे सोमवारी उत्साहाने येतात आणि बुधवारी डोकं धरून घरी बसतात."

मावशींना डॉक्टरीणबाईचे ओठ बरोबर वाचता आले. गिरणीत सगळ्या बायका तसंच बोलायच्या. "एवढ्याने डोकं दुखतं?" त्या म्हणाल्या. त्या आवाजाने जवळची तीन कुत्री गप्प झाली. "आमच्या खात्यात यायला हवं होतं त्यांनी!"

तेवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यातल्या चादरींच्या ढिगाकडे गेली. लोकांनी आणून टाकलेलं सगळं एकत्र पडलं होतं. मावशींना राहवेना. त्या खाली बसल्या, एकेक चादर उजेडात धरली, बोटांनी पोत पाहिला आणि पटापट वाटण्या केल्या. घट्ट विणीच्या चादरी पिल्लंवाल्या आयांना, विरलेल्या पुसायला, सुटे धागे निघणाऱ्या बाजूला, कारण ते पायात अडकतात आणि पोटात जातात. अर्ध्या तासात ढीग संपला. डॉक्टरीणबाई बघतच राहिली.

"उद्या किती वाजता येऊ?" मावशींनी विचारलं.

त्या दिवसापासून त्या रोज जाऊ लागल्या. चादरी धुवायच्या, वाटग्या घासायच्या, पिंजऱ्यांत रद्दी अंथरायची. तिथे पिंजऱ्यांची देखभाल करणारा एक माणूस होता. मिशा मोठ्या आणि कमरेला चाव्यांचा जुडगा, म्हणून सगळे त्याला हवालदार म्हणत. त्याने मावशींना सगळं दाखवलं आणि शेवटी मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिकडे पिंजऱ्यांची एक रांग वेगळी होती. खाणं-पिणं, औषधपाणी तेच, पण कुत्रं बघायला आलेल्या लोकांना तिकडे नेत नसत. ज्या कुत्र्यांना कुणी नेणार नाही असं ठरलं, ती तिथे जात आणि तिथेच म्हातारी होत.

"आणि आता हा जायचाय," हवालदार म्हणाला.

हा म्हणजे ठोंब्या. पांढरा, एका डोळ्यावर तपकिरी ठिगळ, अंगाने भरलेला. दोन घरांनी त्याला नेऊन परत आणलं होतं. पहिल्यांनी लिहून दिलं होतं, 'हाक मारली तरी येत नाही, फार हट्टी.' दुसऱ्यांनी, 'झोपेत हात लावला तर अंगावर आला.' डॉक्टरीणबाईचा नियम होता, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी लोक बघायला येतील तेव्हा त्याला शेवटची संधी. नाही जमलं तर मागची रांग.

मावशींना तो पहिल्याच दिवशी आवडला होता. "माझ्यासारखाच आहे," त्या घरी म्हणाल्या, "कुणाचं ऐकत नाही." किती खरं बोलून गेल्या हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

चार दिवसांनी वाटग्यांची उतरंड घेऊन जाताना मावशींचा पाय ओल्या फरशीवर सरकला. त्या सावरल्या, पण वीस-पंचवीस स्टीलच्या वाटग्या एकदम फरशीवर कोसळल्या. मावशींना आवाज जेमतेम कळला. पण डोळे होते ना! त्यांनी पाहिलं, सगळी कुत्री दचकून उडाली, हवालदाराच्या हातातला झाडू पडला, मांजरं माळ्यावर चढली. फक्त ठोंब्या त्यांच्याकडे पाठ करून पडला होता, तो तसाच पडून राहिला. त्याचा कानसुद्धा हलला नाही.

मावशी तिथेच थांबल्या. मग हळूच त्याच्या पिंजऱ्यातल्या लाकडी फळीवर त्यांनी टाच आपटली. अंगाखालची फळी हादरताच ठोंब्या लगेच वळला.

"बाई!" भोंगा वाजला. "ओ डॉक्टरीणबाई! याला ऐकू येत नाही!"

"काहीतरीच काय मावशी," ती धावत येत म्हणाली. "जेवणाची वेळ झाली की सगळ्यांबरोबर उठतो की."

"सगळे उठतात म्हणून उठतो. मी नव्हते का भोंगा झाला की बाकीच्यांचं बघून उठत?"

डॉक्टरीणबाईने ठोंब्याला बाहेरच्या शांत खोलीत नेलं. पाठीमागून शिट्टी वाजवली, चाव्या वाजवल्या, रबरी खेळणं पिळलं. ठोंब्या खिडकीबाहेर बघत शांत बसून होता. ती मटकन खुर्चीवर बसली.

"पाच महिने झाले हो. पाच महिने माझ्या नाकासमोर! या गोंगाटात मला कधी शंकाच आली नाही." मग तिचा चेहरा आणखी उतरला. "आणि आता तर कठीणच. बहिरं कुत्रं कोण नेणार? पट्ट्यातून सुटलं तर हाक मारून परत कसं बोलवायचं?"

मावशींनी कमरेवर हात ठेवले. "बाई, आमच्या खात्यात एकीला दुसरीची हाक ऐकू यायची नाही. तरी रोज कापड निघायचंच ना? तुम्ही रविवारपर्यंत त्याला माझ्या ताब्यात द्या."

रविवारला तीन आठवडे होते. शाळा दुसऱ्या दिवशी सुरू झाली. गिरणीत हाताची एक भाषा होती, तीच मावशींनी काढली. हात डोक्यावर ठेवला म्हणजे इकडे ये. मूठ वर धरली म्हणजे थांब. तळवा खाली दाबला म्हणजे बस. जमलं की दोन्ही हात वर करून हलवायचे, ती शाबासकी, आणि वर उकडलेल्या अंड्याचा तुकडा. पहिला नियम मात्र माणसांसाठी होता. मावशींनी हवालदाराला उभं करून सांगितलं, "याला मागून हात लावायचा नाही. मागावरच्या बाईला कुणी मागून हात लावला तर ती दचकायची आणि बोटं जायची. समोर यायचं, दिसायचं, मग हात लावायचा." त्या दिवसापासून ठोंब्या कुणाच्याही अंगावर गेला नाही.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी एका सवयीला दिला. गिरणीत हात चालू असतानाही दर थोड्या वेळाने मान वर करून शेजारणीकडे बघायचं असे, कारण काही झालं तर तिला हाक मारता येत नाही. मावशी ठोंब्याला आवारात सोडत आणि नुसत्या उभ्या राहत. तो हुंगत, भटकत जाई. त्याने स्वतःहून वळून पाहिलं की लगेच दोन्ही हात वर, लगेच अंडं. पहिल्या दिवशी त्याने दोनदा पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात दर पाच-सहा पावलांनी त्याची मान वळू लागली.

हातवारे घरीही शिरले. मुलगा बायकोला म्हणाला, "आई स्वयंपाकघरात डोक्यावर हात ठेवून उभी होती. मला वाटलं डोकं दुखतंय. गोळी घेऊन गेलो, तर म्हणे, ताट उचल." सून हसून म्हणाली, "आता तुम्हीही अंडं मागा."

रविवार उजाडला. मावशी देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या आणि लवकर निघाल्या. सूनही बरोबर आली. लोक येऊ लागले. ठोंब्याचं ते डोळ्यावरचं ठिगळ सगळ्यांना आवडायचं. डॉक्टरीणबाई खरं ते सांगायची, आणि मग "अरेरे, बिचारा" म्हणत लोक पिल्लांकडे सरकायचे. एक बाई म्हणाल्या, "दिसायला छान आहे हो, पण आमच्याशी बोलणार कसं?" असं सहा वेळा झालं. दुपार कलली. हवालदाराने न विचारताच मागच्या रांगेतला एक पिंजरा धुवायला घेतला. मावशींनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

तेव्हा एक सुतार आणि त्याची बायको आले. दोघांच्या कपड्यांवर भुसा होता आणि दोघंही मावशींइतक्याच मोठ्याने बोलत होते.

"आमची अडचण वेगळी आहे," सुतार म्हणाला. "खाली कारखाना, वर घर. दिवसभर करवत चालते. आधीचं कुत्रं आवाजाने थरथरायचं, पलंगाखालून बाहेर यायचं नाही. शेवटी बहिणीकडे दिलं, तिकडे सुखात आहे. पण घर सुनं झालं. आवाजाला न घाबरणारं एखादं असेल का?"

डॉक्टरीणबाईने मावशींकडे पाहिलं. मावशींनी ठोंब्याकडे पाहिलं.

"आहे," मावशी म्हणाल्या, आणि आवाराच्या पलीकडच्या लोकांनीही माना वळवल्या. "आकाश कोसळलं तरी हलणार नाही असा आहे."

डॉक्टरीणबाई मात्र सहज हो म्हणणारी नव्हती. त्याला ऐकू येत नाही हे तिने आधी सांगितलं. कुत्रं यंत्रांजवळ जाता कामा नये, कारखान्याच्या दाराला अर्धं दार हवं, सगळं तिने विचारून घेतलं. मग म्हणाली, "आणि तुमच्या हाताच्या खुणेला तो आला पाहिजे. माझ्या समोर, पट्टा काढून. नाहीतर मी देणार नाही."

आवार रिकामं केलं. मावशींनी दोघांना खूण करून दाखवली. सुताराने डोक्यावर हात नेला, पण लाजत, अर्धवट. ठोंब्या गोंधळून बसला.

"अहो, माशी हाकलताय का?" मावशी म्हणाल्या. "ठाम ठेवा हात! तुम्ही या ताई."

सुताराची बायको पुढे आली. तिने हात नीट डोक्यावर ठेवायला घेतला, आणि तेवढ्यात बाहेर धान्याच्या पोत्यांची गाडी आली. चाकाखालून काही उडालं, की मांजर आडवं गेलं, कुणाला कळलं नाही. गाडीवाल्याने न विचारता फाटक सताड उघडलं आणि ठोंब्या तीरासारखा तिकडे सुटला. पलीकडे वाहता रस्ता होता.

सगळे ओरडले. हवालदार ओरडला, सून ओरडली, गाडीवाला ओरडला. या ओरडण्याचा काडीचा उपयोग नव्हता, आणि ते जाणणारी तिथे एकच बाई होती. भोंगा मावशी गप्प होत्या. त्यांनी फक्त एक केलं. सुताराच्या बायकोचा खांदा समोरून धरला, तिला फाटकाच्या सरळ रेषेत उभी केली आणि म्हणाल्या, "हात वर. तो बघेल. हात खाली आणू नका."

"पण तो तर निघाला..."

"बघेल!"

ठोंब्या फाटकाशी पोहोचला. पुढचे दोन पाय बाहेर पडले. आणि तिथे, ऐन उंबऱ्यावर, त्याची मान वळली. एवढे दिवस दर पाच-सहा पावलांनी वळत होती, तशीच. त्याला भुसा लागलेली एक अनोळखी बाई दिसली, ताठ उभी, हात डोक्यावर.

तो क्षणभर थांबला. मग वळला आणि सगळं आवार ओलांडून पळत येऊन तिच्या पायाशी बसला.

सुताराच्या बायकोने दोन्ही हात वर केले. ते हलवता हलवता तिला रडू फुटलं. सुतार खिशात काहीतरी शोधू लागला, बहुधा रुमाल, आणि त्याच्या हातात मोजपट्टी आली. डॉक्टरीणबाई कागद आणायला गेली, ती परत आली तेव्हा केसातलं पेन शोधत होती आणि ते केसातच होतं. मावशींनी अंड्याचा डबा उघडून सुताराच्या बायकोच्या हाती दिला. "आता हे तुमचं काम."

संध्याकाळच्या आत ठोंब्या नव्या घरी गेला. आठ दिवसांनी सुतार सांगत आला, करवत चालू असते तेव्हा पठ्ठ्या माडीवर पोट वर करून झोपतो, आणि बायकोने हात डोक्यावर नेला की अर्धे डोळे उघडे असले तरी उठून येतो. सुतार रिकाम्या हाताने आला नव्हता. त्याने मागच्या रांगेतल्या कुत्र्यांना निजायला सहा लाकडी फळ्या करून आणल्या होत्या, मोठ्या, गुळगुळीत, कडा घासलेल्या.

मावशींनीही स्वस्थ बसण्याचं नाव घेतलं नाही. त्या जुन्या गिरणीतल्या पाच मैत्रिणींच्या घरोघर गेल्या. पाचही जणी घरी बसून होत्या, पाचही जणींचे कान अधू, पाचही जणी आल्या. सोमवारी आल्या, बुधवारी आल्या, पुढच्या सोमवारीही आल्या. एकीचंही डोकं दुखलं नाही. चाळीस कुत्र्यांच्या भुंकण्यात सहाजणी वाटग्या घासत, चादरी वाटत, आणि हातांनी एकमेकींना आपापल्या सुनांच्या गोष्टी सांगून खदखदा हसत. डॉक्टरीणबाई म्हणायची, "काय चाललंय ते मला एकटीलाच कळत नाही."

एका सकाळी ती चाव्यांचा जुडगा घेऊन स्वतः मागच्या रांगेकडे गेली. तिथल्या प्रत्येकाला आता ती शांत खोलीत नेऊन नव्याने तपासणार होती, कुणाचे कान, कुणाचे डोळे, कुणाचे दात. आवारात सहाजणी स्टुलांवर रांगेने बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर एक डबा. पहिला पिंजरा उघडला. सात वर्षं आत असलेली एक म्हातारी कुत्री दाराशी येऊन घुटमळली. मग तिने पाऊल बाहेर टाकलं.

बाराही हात एकदम वर गेले.

"शाबास गं बाई!" भोंगा वाजला. "आता पुढचं दार उघडा!"