वाळलेलं गोणपाट

आमच्या परसात पाणी दोनदा वापरतात. भांडी विसळलेलं पाणी आई वांग्यांना घालते, उरलेल्यात गोणपाट भिजवून उन्हानं तापणाऱ्या खुराड्यावर टाकते. आत खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली असायची. परवा बाहेर जाताना आई म्हणाली, "दुपारी गोणपाट तेवढं भिजव गं."

मी पाणीटंचाईचं पत्रक लिहीत बसले. 'तहान दिसत नाही का तुम्हाला?' असं सरकारला खडसावलं, आणि गोणपाट विसरले.

संध्याकाळी कोंबडी बसल्या जागीच मेलेली होती, चोच उघडी. खुराड्याचं दार उघडं होतं, समोरच पपईची सावली होती.

"ही उठून सावलीत का नाही गेली?" मी चिडून विचारलं.

"अंडी टाकून कुठं जाईल बाई?" आई म्हणाली.

सरकारला विचारलेला प्रश्न खोटा नव्हता. पण तो आता मला मोठ्यानं वाचवत नाही.

अंडी उचलली तेव्हा गरम होती. तिच्या उबेनं की उन्हानं, कळलं नाही.