तीन उंदीर

खेळायच्या कार्डांचं नवं पाकीट फोडलं की ताज्या शाईचा वास येतो आणि मला बोनकोडे गावातली आमची भाड्याची खोली आठवते. रविवारची दुपार होती, कार्डं उडू नयेत म्हणून पंखा बंद केला होता आणि आम्ही दोघंही घामाने निथळत होतो. घर मला तिथेच घ्यायचं होतं, बायकोला खांदेश्वरला; भांडून ठरेना, तेव्हा ती म्हणाली, "खेळून ठरवू." कार्डांवरच्या प्राण्यांना एकमेकांशी लढवायचा हा खेळ तिला मीच शिकवलेला. माझ्यापुढे दोन ड्रॅगन होते, तिच्यापुढे तीन मरतुकडे उंदीर. मी ऐटीत कार्ड टाकलं, 'ज्याचे प्राणी जास्त, त्याचे सगळे मरतात', आणि आमच्या रिवाजाप्रमाणे विचारलं, "उत्तर आहे?" "आहे ना," म्हणत तिने आपल्याच दोन प्राण्यांचा बळी देणारं कार्ड त्यावर ठेवलं. मला हसू आलं. "अगं, मरणारच आहेत ते, कशाला मारतेस?" ती शांतपणे म्हणाली, "शेवटी टाकलेलं कार्ड आधी लागू होतं, तूच शिकवलंस ना?" आणि दोन उंदीर तिने स्वतःच्या हाताने बाजूला काढले. तिच्याकडे उरला एक, माझ्याकडे दोन ड्रॅगन. जास्त आता माझे होते. माझ्याच कार्डाने माझेच ड्रॅगन मेले, आणि मी आ वासून बघत असताना त्या एका उंदराने मला संपवलं. आज खांदेश्वरच्या घरात मी पाकीट फोडलं तर ती आतून सहज म्हणाली, "पंखा बंद कर," आणि पंखा बंद करता करता मी विचारलं, "आता काय ठरवायचंय?"