घशाला लावलेलं बोट

"आधी गूळ, मग गोष्टी," म्हणत आमचे जुने विणकर, सगळ्यांचेच मामा, नव्या माणसाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी सुपरवायझर म्हणून लागलो, त्या दिवशी मलाही तो मिळाला. सुताची धूळ घशात बसते, ती गुळानं उतरते, अशी आमच्या विणकरांची पक्की समजूत. मामांच्या डब्यात एक वेळ भाकरी नसेल, पण गूळ असायचाच.

तुम्ही यंत्रमागांच्या खडखडाटात कधी उभे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथं बोलून उपयोग नसतो. सगळा कारभार खुणांचा. मनगटावर बोट आपटलं की किती वाजले, घशाला बोट लावलं की गूळ. मामा खुणांतही चेष्टा करायचे. मालकांची पाठ वळली की त्यांच्या पोटाचा घेर हवेत काढायचे आणि लगेच साळसूदपणे मागावर वाकायचे. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि सूत तुटलं की शिव्या दोन्हींतून.

गेल्या हिवाळ्यात त्यांना सर्दी-खोकला झाला. ताप अंगावर काढत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मागापासून माझ्याकडे बघितलं आणि डाव्या बरगडीवर तळवा दाबून धरला. श्वास घ्यायचे आणि मध्येच थांबायचे. मग दाराकडे हात करून विचारलं, डॉक्टरकडे जाऊ का?

खूण मला बरोबर कळली होती. हे कबूल करायलाच मी लिहायला बसलो आहे. संध्याकाळी माल जायचा होता आणि दोन माग आधीच बंद होते. मी हसलो आणि घशाला बोट लावलं.

मामांनी मान हलवून गूळ तोंडात टाकला.

जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याजवळ आले. "खोकलं की सुरी फिरल्यागत व्हतंय वो साहेब. श्वास बी पुरा येत न्हाय."

"खोकून खोकून बरगड्या दुखतात, मामा. माल गेला की दोन दिवस झोपा."

मोठा डॉक्टरच लागून गेलो होतो. माझं स्वतःचं नाक गळायला लागलं तरी मी रजा टाकतो.

माल एक दिवस लांबला, म्हणून मामाही एक दिवस जास्त उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मागाशेजारी खाली बसले, ते उठलेच नाहीत. मीच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया झाला होता, छातीत पाणी होतं. "दुखायला लागलं तेव्हाच यायचं ना," डॉक्टर म्हणाले. मामांनी माझ्याकडे बघितलं नाही याचंच मला बरं वाटलं, इतका मी हलका माणूस.

दवाखान्यातच पाचव्या दिवशी ते गेले.

दिवसपाणी झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर चार नातेवाईक बसले होते. सून पुढं आली.

"मामंजी दवाखान्यात सांगत हुते," ती म्हणाली. "साहेब रोज म्हनायचे, डॉक्टरकडं जावा. मीच ऐकलो न्हाय, म्हनले."

मग पदर सावरून ती माझ्या पाया पडली. सगळे बघत होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी तिला आशीर्वाद दिला.