सुरेखाचा साहेब

सुरेखाला पगारवाढ हवी असली की ती स्वतः मागत नसे, साहेबाला पुढे करी. साहेब म्हणजे तिच्या घशात मुक्कामाला असलेला एक इंग्रज. मान ताठ, ओठ आवळलेले आणि शब्द नाकातून, "आय से, ओल्ड चॅप, पगाराचं बघा, वाट लागलीय ना आमची." मॅनेजर हसायचा आणि बहुतेकदा काम व्हायचं. नाहीच झालं, तर अपमान साहेबाचा व्हायचा.

मरोळच्या कॉल सेंटरमध्ये आम्ही शेजारी बसायचो. विलायतेतल्या बिघडलेल्या वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकायच्या, हे आमचं काम. लंडनची खडूस म्हातारी, लिव्हरपूलचा तापट ड्रायव्हर, सगळे तिनं हुबेहूब उचलले होते. म्हणायची, "उच्चार शिव्या देणाऱ्याकडून शिकावेत गं. गोड बोलणारा लगेच फोन ठेवतो." सुटल्यावर ती रिक्षावाल्याला त्याच थाटात विचारायची, "माय गुड मॅन, गोवंडी?" "लंडन छोड दूँगा मेमसाब, गोवंडी नहीं," म्हणून एकजण सटकला, तेव्हा ती रस्त्यावर बसून हसली होती.

एका स्थळाला नकारही तिनं साहेबाकडूनच कळवला. आम्ही पोट धरून हसलो. आता ती नाही, म्हणून मला हे सुचतं, की स्वतःच्या आवाजात तिला काही मागता येत नव्हतं आणि नाकारताही येत नव्हतं.

पोटाचा रिपोर्ट आला तोही तिनं कॅन्टीनमध्ये मला साहेबी थाटात सांगितला. "मशीन गॉन, डार्लिंग. बियाँड रिपेअर." मी हसले. मग तिनं रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला आणि मी त्यात 'कॅन्सर' हा शब्द वाचला. घरी आईशिवाय कुणी नव्हतं, आणि आईला तिनं अॅसिडिटी म्हणून सांगितलं होतं. "आईला खरं सांग," म्हणून मी तिच्या मागे लागायचे. "सांगते यार. तोंड उघडतच नाय."

पुढे तिनं अंथरूण धरलं. एका दुपारी मी भेटायला गेले, तेव्हा आई लेकीला म्हणाली, "कवाधरनं तुझा सायेब आला न्हाई. बोलव की त्याला."

सुरेखा उशीला टेकून बसली. आईचा हात हातात घेतला. "टेरिब्ली सॉरी, मॅडम. आय शान्ट बी विथ यू मच लाँगर. यू हॅव बीन मार्व्हलस."

मी आता फार दिवस तुझ्याजवळ नाही, असं ती आईला सांगत होती. इंग्रजीचं अक्षर न कळणारी आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. साहेबाचा आवाज कुठेही कापला नाही.

"काय म्हन्तोय गं सायेब?" आईनं मला विचारलं.

सुरेखा माझ्याकडे बघत होती. सांग म्हणत होती की सांगू नकोस, ते मला अजून कळलेलं नाही.

"चहा मागतोय," मी म्हटलं.

"मंग आधी न्हाई का सांगायचं," म्हणत आई उठली आणि तिनं चांगलं आलं ठेचून चहा टाकला. घशाखाली पाणीही धड उतरत नसलेल्या सुरेखानं चहाचा कप आईसमोर रिकामा केला.