अंदमानच्या आक्काताई

शनिवारी पेठेत लिंबू-मिरची घेऊन फिरणारा माणूस माझ्या दारात थांबत नाही. त्याला माहीत आहे, हा घेत नाही. या सदरातले वाचकांचे भुताखेतांचे अनुभवही मी चहाबरोबर, हसत हसत वाचत आलो. तेव्हा आज स्वतः लिहायला बसणं जड जातंय. शिवाय माझ्या गोष्टीत भूत नाही... नक्की काय आहे तेच मला कळलेलं नाही. त्यात माझा खोटेपणा मात्र आहे, आणि तो सांगितल्याशिवाय बाकीचं सांगता येत नाही.

मंगळवार पेठेत माझं छोटं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. पहिला मजला, खाली सायकलचं दुकान. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी अण्णा आणि काकू जिना चढून आले. अण्णा माझ्या वडिलांचे कॉलेजातले मित्र. जयसिंगपूरजवळ त्यांची शेती. वडील गेल्यावर आमच्या घराकडे लक्ष ठेवणारा हा माणूस. काकूंनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. मुलीनं, सुजातानं, पुण्याहून हट्ट धरला – आईला अंदमान दाखवा.

अडचण एकच, जेवणाची. ही जैन मंडळी. कांदा, लसूण, बटाटा नाही. मांसाहारी भांड्यातलं नाही. आणि काकूंचा नेम असा की, सूर्य मावळला की तोंडात पाणीसुद्धा घ्यायचं नाही. त्यात त्यांना डायबेटिस. इन्शुलिनची सुई घेतली की लगेच जेवावंच लागतं. अण्णांनी मला आधीच फोनवर बजावलं होतं, "हॉटेल कुठलंबी बघ, पण त्यांच्या सैपाकघराशी तू सोता बोल."

मी बोललो नव्हतो. सीझन होता, राहून गेलं. दुसरं काही कारण नाही.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. हॅवलॉक बेटावरची तीन रिसॉर्ट काढून ठेवली होती.

"मी समुद्र बघितलेला हाय," अण्णा म्हणाले. "हिला इचार."

काकूंनी चष्मा सारखा केला आणि बोट टेकवलं. "ह्ये. उंबऱ्यातनं पाय काढला की पाणी."

"आन् जेवणाचं? बोललास न्हवं तू?"

"बोललो की, अण्णा."

"कोण हुतं फोनवर?"

इथे "मॅनेजर" म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण अण्णांनी लगेच त्याचा नंबर मागितला असता. मी म्हणालो, "आपल्या भागातलीच एक बाई आहे तिथे किचनला. आक्काताई."

काकूंनी मान वर केली. "आपल्या भागातली म्हंजे?"

"कुरुंदवाडची."

"आपल्यातली?"

"हो, जैनच. तिला सगळं माहीत आहे काकू. उजेड असतानाच वाढेन म्हणाली."

"मग लाव की फोन. मी बोलते."

"तिला ऐकू कमी येतं. फोनवर जमत नाही."

काकूंचं माहेर त्याच बाजूला. आता कुणाची कोण हे विचारणार, हे मला दिसत होतं. म्हणून मीच पुढे म्हणालो, "विधवा आहे. तसं जवळचं कुणीच नाही तिला."

काकूंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "एवढ्या लांब एकटी पडली की गं बाई..." आणि अण्णांकडे वळून, "तिथंच जाऊया."

"झालं," अण्णा हसले. "आता हिला समुद्र बघायचा न्हाय, आक्काताई बघायची हाय."

त्याच संध्याकाळी रिसॉर्टला फोन करायचा, खरंच काही सोय लावायची, असं मी ठरवलं होतं. दिवाळीच्या टूर निघाल्या आणि विसरलो... हा शब्द लिहितानाही लाज वाटते.

नोव्हेंबरच्या शेवटी ते दोघं गेले. हॅवलॉकला पोहोचल्याचा अण्णांचा मेसेज सकाळी आला. दुपारी एक जुने गिऱ्हाईक ऑफिसात गप्पा मारत बसले होते. तेही अंदमानला जाऊन आलेले. बोलता बोलता म्हणाले, "तिथं पाचलाच अंधार पडतो की हो. आणि जेवण रात्री साडेसातशिवाय नाही. आम्ही बिस्किटं खाऊन बसायचो."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. पाचला अंधार. मी इतकी वर्षं अंदमान विकतोय, हे मला माहीत होतं. पण काकूंच्या ताटाशी मी ते कधी जोडलंच नव्हतं. म्हणजे त्यांना चार-साडेचारला जेवण लागणार, आणि त्या वेळी तिथलं किचन बंद. अण्णा विचारणार, "आक्काताई कुठं हाय?" आणि काकू... मी काकूंना ओळखतो. त्या नेम मोडणार नाहीत. आणि आक्काताई आत्ता येईल, मग येईल, म्हणून सुई घेऊन बसल्या तर?

रिसॉर्टला फोन लावला. लागला नाही. अण्णांचा बंद. पोर्ट ब्लेअरच्या एजंटला लावला, तो म्हणाला, "मौसम बिगड़ा है सर. बोट बंद, आयलंड का नेटवर्क भी डाऊन."

तीन दिवस तसेच गेले. मी ऑफिसात बसून तोच नंबर लावत होतो. बायको विचारायची, बरं नाही का? मी पित्त म्हणायचो. मध्येच सुजाताचा फोन आला.

"दादा, आईचा फोन लागत नाहीये. जेवणाचं नीट आहे ना तिथे?"

"काळजी करू नकोस. आक्काताई आहेत तिथे."

खोटं दुसऱ्यांदा बोललो. आणि खरं सांगतो, ते नाव घेतल्यावर मलाच धीर आला. फोन ठेवल्यावर मी रिकाम्या ऑफिसात अक्षरशः हात जोडले. कुणाला, ते विचारू नका.

चौथ्या दिवशी अण्णांचा मेसेज आला: बोट मिळाली, निघालो. बाकी काही नाही. शिव्या नाहीत, प्रश्न नाही. त्यानं मी आणखीच घाबरलो.

आल्यावर ते घरी जायच्या आधी माझ्याकडे आले. जिन्यावर काकूंचा आवाज ऐकून मी उभाच राहिलो. काकू आल्या, ठणठणीत. माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"लेकरा, तू हुतास म्हणून. न्हायतर त्या वादळात माझं काय खरं न्हवतं."

मला वाटलं, टोमणा आहे. "काकू, मला..."

"आक्काताईनं एक दिवस चुकवला न्हाय. उजेड असतानाच व्हरांड्यात ताट आणून ठेवायची. भात, मुगाची आमटी, कच्च्या केळ्याची भाजी. मी सुई घेतली की ही हजर."

मी अण्णांकडे बघितलं. ते थट्टा करणारे आहेत, पण तेव्हा चेहरा सरळ होता. "ऐकू मात्र लईच कमी येतंय तिला," ते म्हणाले. "वरडून वरडून माझा घसा बसला."

"फोटो... फोटो काढला का?"

"वाढणाऱ्या बाईचा कुणी फोटो काढतं व्हय?"

मी खाली बसलो. काकू बोलतच होत्या. मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "पर एक इपरीत वाटलं बघ. मी तिला इचारलं, कुरुंदवाडात तू कुणाची? तर माझ्याकडं बघत बसली. म्हणाली, तुम्हाला हिकडं धाडलं त्यानं सांगितलं न्हाय व्हय? मी म्हटलं, न्हाय बाई. तर म्हणाली, मग मलाबी म्हाईत न्हाय."

खालच्या दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं. 

ते गेल्यावर मी रिसॉर्टला फोन लावला. या वेळी पहिल्याच रिंगला उचलला. मॅनेजर सज्जन माणूस. त्याचा यात काहीच दोष नाही, म्हणून रिसॉर्टचं नाव देत नाही. त्याच्या किचनला सगळी बंगाली मुलं. बाई एकही नाही, कधीच नव्हती. उलट तोच म्हणाला, "आपके गेस्ट ने हमारे यहाँ एक दिन भी डिनर नहीं किया. लड़का पूछने जाता, तो बोलते, हो गया. हमको लगा, खाना साथ लाए हैं."

मी सुजातालाही फोनवर आडून विचारलं. घरून नेलेला फराळ तसाच्या तसा परत आला होता.

पंधरा दिवसांनी काकूंचा फोन. आक्काताईला इकडं आणायचं. एकटी बाई, आता वय झालं, आमच्याकडं राहू दे, घर मोठं आहे. तू तिचा पत्ता काढ. पुढच्या आठवड्यात परत तेच. मग अण्णा, "हिनं माळ्यावरची खोली झाडून घेतली, सुनील. काहीतरी कर."

तेव्हा मात्र राहवलं नाही. जयसिंगपूरला गेलो आणि त्यांच्या बाहेरच्या सोप्यात बसून सगळं सांगितलं. फोन केला नव्हता, बाई नव्हती, कुरुंदवाड माझ्या तोंडाला आलं म्हणून आलं.

अण्णा पुढे सरकले. "खोटं तू तवा बोललास का आत्ता बोलायलायस?"

"तेव्हा, अण्णा."

"मग आम्ही काय वारा खाल्ला?"

 काकू रागावतील असं वाटलं होतं. मी त्यांच्या जिवाशी खेळलो होतो. पण त्या त्याबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "एवढं सगळं मनानंच सांगितलंस. मग तिला एखादं माणूस तरी द्यायचं हुतंस की रे."

याला आता बरेच महिने झाले. डॉक्टर मित्राला विचारलं, तो म्हणाला, म्हातारी माणसं, वादळ, भीती, होतं असं. पण दोघांना एकच? आणि उपाशी राहून साखर जागेवर? त्यावर त्यानं विषय बदलला. 

काकूंचं वाक्य मात्र जात नाही. दुपारी ऑफिस रिकामं असलं की वाटतं, मोठ्यानं म्हणून टाकावं – आक्काताईला एक मुलगी आहे, अमुक गावात, आईची वाट बघतेय. ओठांपर्यंत येतं. मग जिन्याकडे लक्ष जातं... ती मुलगी एक दिवस जिना चढून आली आणि "माझी आई कुठं हाय?" म्हणाली, तर मी काय सांगू? म्हणून गप्प बसतो. इथेही, त्या दिवशी जेवढं बोललो त्यापेक्षा एक शब्द जास्त मी माझ्या मनानं तिच्याबद्दल खरा म्हणून लिहिलेला नाही.