तिरंगी मांजरीचे टाके

वासी उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. टाक्यांसाठी सांगितलेली रक्कम पाचशे रुपये. हजर मी, बायको आणि पाणीगेटचे जनावरांचे डॉक्टर. पतंगाच्या मांज्याने आमच्या मांजरीचा पाय खोल कापला होता. टाके पडले नसते तर पाय गेला असता.

"तिरंगी मांजर तापट असते. पाचशेतले दोनशे चावण्याच्या धोक्याचे," डॉक्टर म्हणाले.

"खरंय हो, ही तर यांनाही घाबरत नाही," बायको म्हणाली.

मी मांजरीला धरले. पहिल्याच टाक्याला तिने माझा अंगठा दातांत घेतला आणि शेवटच्या टाक्यापर्यंत तसाच धरला. अंग थरथरत होते, पण दात दाबले नाहीत. अंगठ्यावर ओरखडाही नव्हता. एवढ्या वेदनेत एवढा संयम कुठल्या रंगातून येतो?

डॉक्टरांना तीनशेच दिले. चावण्याचे दोनशे त्यांनी घेतले नाहीत.